बिनझाकणाची चिप

बाँडिंगच्या, म्हणजे चिपला तारा जोडायच्या खोलीत बूट घालून यायचं नाही, हा नियम व्लास्ताबाईंनी केला त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. दाराशी लाकडी खोक्यात सुती सपाता ठेवलेल्या असत. सगळ्या त्यांनीच शिवलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला गोंडा. लोकरीच्या का नाहीत, असं नवी मुलं विचारायची. मग बाई सांगायच्या की लोकर घासली की बारीक ठिणगी उडते. तुला ती कळत नाही, पण चिपला कळते, आणि मेलेली चिप जिवंत करायचं औषध अजून निघालेलं नाही. चेक देशातल्या ब्रनोच्या विद्यापीठातल्या त्या विभागात मोठमोठे प्राध्यापकसुद्धा गोंडा हलवत त्या खोलीत शिरायचे आणि निघताना सपाता जोडीने खोक्यात परत ठेवायचे.

कागदोपत्री बाई कधीच्या निवृत्त झालेल्या. एकोणऐंशीवं लागलं होतं. पण मंगळवारी आणि गुरुवारी त्या ट्रामने यायच्या, पिशवीत एका फडक्यात बांधलेल्या आलुबुखाराच्या वड्या असायच्या, आणि खोलीची किल्ली गळ्यात. किल्लीला लाल पारदर्शक फिल्मचा एक त्रिकोणी तुकडा बांधलेला होता. अठराव्या वर्षी त्या डोंगराकडच्या कारखान्यात लागल्या. तिथे तेव्हा चिपचे नकाशे संगणकावर निघत नसत. भल्यामोठ्या काचेच्या टेबलावर, खालून दिवे लावून, वीस-वीस बायका लाल फिल्म सुरीने कापत बसायच्या. एक रेघ चुकली की दोन दिवसांचं काम वाया. नकाशा कुणाचा, तर इंजिनियरचा. कापला कुणी, हे कुठेच लिहिलेलं नसायचं. लाल तुकडा तेवढा तिथून आलेला.

आता त्यांचं काम तारांचं होतं. कारखान्यातून आलेली चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा काळसर चौकोन. तो सिरॅमिकच्या लहानशा डबीत चिकटवायचा, आणि चिपच्या कडेच्या ठिपक्यांपासून डबीच्या पायांपर्यंत केसाहून बारीक अशा अठ्ठावीस तारा टाकायच्या. सूक्ष्मदर्शकात डोळे, उजवा हात लहानशा दांड्यावर, श्वास रोखलेला. यंत्र टिक् म्हणालं की तार बसली. मग वर धातूचं झाकण. टिक् नीट आहे की कोरडं, हे बाईंना कानाने कळायचं. मोतीबिंदू काढल्यापासून दिसायचंही स्वच्छ. डावा हात मात्र अलीकडे कधीकधी आपल्याच मनाचं करायचा.

विभागात डॉक्टरेट करणारी हेदविका त्यांच्याकडे आली ती फेब्रुवारीत, कारखान्याहून आलेली डबी दोन्ही हातांत धरून. साडेतीन वर्षांचं काम त्या डबीत होतं. ही मुलगी फिल्टर बनवायची. नको असलेली कंपनं गाळून टाकणारे फिल्टर बाईंनी आयुष्यभर पाहिले होते; ते एक तर एका पायरीने उतरतात, नाही तर दोन, नाही तर तीन. हेदविकाचा फिल्टर पायऱ्यांच्या मधे उभा राहायचा. एक पूर्णांक चार दशांश. हवं तर एक पूर्णांक सात. "चमचा भरून मीठ, नाही तर दोन चमचे, असं किती दिवस करायचं?" ती बाईंना म्हणाली होती. "माणसाच्या शरीरातली वीज चमच्याच्या मापात बसत नाही. चिमूट घेता आली पाहिजे." आणि खरी करामत ही की, चिमूट लहान-मोठी करायला आत काही बदलावं लागत नव्हतं. सिलिकॉनवर एकदा भाजलेलं कुणाला बदलता येतं? बाहेरून दिलेला प्रवाह थोडा वाढवला-घटवला की उतार बदलायचा. छातीवर चिकटवायच्या पट्टीत हा फिल्टर बसायचा होता, बटणाएवढ्या बॅटरीवर महिनोन्महिने चालायचा होता, म्हणून त्याला प्रवाहही फार थोडा, आधीच्या मुलांच्या चिपमध्ये लागायचा त्याचा हजारावा हिस्सा.

दहा चिप आल्या होत्या. पाच जोडायच्या, पाच शिलकीत.

बाईंनी पहिली चिप सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, तारांचे ठिपके मोजत कडेकडेने फिरल्या आणि खालच्या कोपऱ्यात थांबल्या. तिथे, जिथे सर्किट नव्हतं, धातूत काहीतरी काढलेलं होतं. चौकोनी चौकोनी, जिन्यासारख्या कडांचं. त्यांनी भिंग वाढवलं. ती सपात होती. टोकाला गोंडा.

"गोल रेघा चालत नाहीत ना," मागून हेदविका म्हणाली. "तपासणारा प्रोग्राम गोंड्यावर सत्तावीस चुका दाखवत होता. सर्किटपेक्षा गोंड्याला जास्त वेळ गेला."

बाईंनी भिंग आणखी एक घर वाढवलं. मग म्हणाल्या की डावी आहे का उजवी, ते कळत नाही.

त्या आठवड्यात त्यांनी पाचही चिप जोडल्या, पण झाकणं लावली नाहीत. धातूचं झाकण बसलं की सपात गेली अंधारात. जूनमध्ये हेदविकाची तोंडी परीक्षा होती. परीक्षकांना सूक्ष्मदर्शकातून बघू दे, असं त्यांच्या मनात आलं. बोलल्या कुणाला नाहीत. पाच झाकणं मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ठेवून बरणी त्यांनी खणात सरकवली.

एप्रिलमध्ये हेदविकाचा चेहरा उतरला.

मोजणीत चिप एक बोलायची आणि थोड्या वेळाने दुसरंच. एक पूर्णांक चारवर लावलेला फिल्टर सकाळी एक पूर्णांक चार दाखवायचा, जेवणानंतर दीडच्याही पुढे सरकायचा. काही दिवशी दिवसभर शहाण्यासारखा वागायचा. तिने वहीत तारखा आणि तास लिहून काढले. आधी वाटलं, दुपारी खोली तापते, त्याने होत असेल. म्हणून तिने चिप तापमान राखणाऱ्या लोखंडी पेटीत ठेवली. आत बरोबर खोलीएवढंच तापमान लावलं, आणि फिल्टर एक पूर्णांक चारवर येऊन बसला. पेटीतून काढला, की पुन्हा भरकटला. म्हणजे उष्णता नव्हे. मग काय?

उत्तर बोरिवोयने काढलं. शेजारच्या टेबलावरचा हा डॉक्टर पदवीवाला गृहस्थ दिवसभर संगणकावर सर्किटं चालवून बघायचा. खरी चिप त्याने फार क्वचित हातात घेतली असेल. जिभेला धार होती, पण मन वाईट नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पेटीत ठेवताना केबल दाबली जाते, चिप दाबली जाते, आणि सुटत आलेली तार टेकते. बाहेर काढली, की तार पुन्हा उचलते. दोष सर्किटचा नाही, तारेचा आहे.

तारा कुणाच्या, हे बोलायची गरज नव्हती.

"व्लास्ताबाई, तुमच्या सपातांनी काय पाप केलंय," तो त्या मंगळवारी कॉफी घेताना म्हणाला, "की त्यांना ऐंशीपर्यंत राबवताय?"

"सपाता विश्रांती मागत नाहीत, बोरिवोय. माणसं मागतात. तीही जेवणानंतर, खुर्चीत, तोंड उघडं टाकून."

सगळे हसले, बोरिवोयसुद्धा. पण बाईंनी कप खाली ठेवला तेव्हा बशी वाजली, आणि ती वाजलेली सगळ्यांनी ऐकली.

दुपारी विभागातले डोसेंट, म्हणजे सहप्राध्यापक, कुबीन बाईंच्या खोलीत आले. दाराशी सपाता चढवल्या. बाकीचे त्यांना सर म्हणत. बाईंसाठी तो ओताकरच होता, कारण त्याच्या पहिल्या चिपच्या तारा बाईंनीच टाकल्या होत्या आणि ती जळाली तेव्हा जिन्यात बसून तो रडला, हेही बाईंनीच पाहिलं होतं. आता त्याचे केस पिकले होते. तो बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला की उरलेल्या पाच चिप बाहेरच्या एका कंपनीकडून जोडून घ्याव्यात असं ठरतंय. सोमवारी पाठवल्या तर तीन आठवडे लागतील, पण हेदविकाच्या परीक्षेआधी हातात येतील. आणि एकदा बाहेरून काम करून घ्यायची सवय झाली, की ही खोली...

"किल्ली आत्ता देऊ?" बाईंनी विचारलं.

"बाई, असं नका ना बोलू."

"मग कसं बोलू? हात माझे आहेत. बिघडले असतील तर मला सांगायला तुला घाम का फुटावा? सोमवारी पाठवणार ना चिप? मग गुरुवार माझा आहे. मला एकदा बघू दे."

घरी जाऊन त्यांनी शिवणाचा डबा काढला. सगळ्यात बारीक सुईत काळा दोरा ओवून पाहिला. पहिल्या खेपेला गेला. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही, चौथ्यांदा गेला. नवरा, लुबोर, असता तर म्हणाला असता, दमली आहेस, झोप. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बुधवारी त्यांनी पुन्हा सुया ओवल्या, वीस वेळा, आणि किती चुकल्या ते मनाशी ठेवलं. अठ्ठावीस तारा गुणिले पाच, म्हणजे एकशेचाळीस. इतक्यांत एखादी सुटलेली असणं अशक्य नव्हतं. पण पाचही चिप एकाच तऱ्हेने आजारी? पाचांनाही दुपारीच ताप? हात असा घड्याळ लावून चुकत नाही. हे त्यांना कळत होतं. पण दुसरं काय, ते कळत नव्हतं.

गुरुवारी लख्ख ऊन पडलं होतं. अंगणातल्या चेरीच्या झाडांवर फुलं होती, आणि मोजणीच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून तीनच्या सुमारास उन्हाचा पट्टा टेबलावर आला. हेदविका पडद्यासमोर बसली होती. रेघ हळूहळू उमटत होती. असे मंद फिल्टर मोजायला वेळ लागतो, एकेका ठिपक्याला मिनिट-मिनिट. रेघ पुन्हा चुकीच्या उताराने चालली होती. हेदविकाने काही म्हटलं नाही, फक्त वहीत तास लिहिला. तिच्या नखांभोवतीची कातडी कुरतडलेली होती.

बाईंनी घड्याळजीसारखं भिंग डोळ्यात बसवलं. तारा बघायच्या म्हणून चिपवर वाकल्या. एकेक तार, मुळाशी, टोकाशी. नाही म्हणता म्हणता नजर कोपऱ्यात गेली, गोंड्याकडे, आणि तिथे जरा रेंगाळली.

"बाई," हेदविका हळूच म्हणाली. "तुम्ही हात लावलात का कशाला?"

"नाही ग पोरी. माझे दोन्ही हात पाठीमागे आहेत."

"रेघ जागेवर आली."

बाईंनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. पुढचा ठिपका उमटला तो पुन्हा वर, चुकीच्या जागी. त्या परत वाकल्या. पुढचा ठिपका खाली, नेमका जिथे असायला हवा तिथे. हेदविका खुर्चीवरून उठली होती. बाई मात्र आपल्या डोक्याच्या सावलीकडे बघत होत्या. सावली चिपवर पडली होती.

आणि मग त्यांना फराळाची कोठी आठवली.

पहिली मुलगी पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नाताळच्या आधी त्या व्हॅनिलाची चंद्रकोरी बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यांत भरायच्या, आणि नाताळ येईपर्यंत डबे अर्धे व्हायचे. मुलं कोठीत जायची आणि नाही म्हणायची. लुबोरने मग एक जुना काचेचा ट्रान्झिस्टर घेतला. त्या काळी त्यांना वरून काळा रंग दिलेला असायचा. दाढीच्या पात्याने त्याने तो रंग खरवडून काढला, दोन-चार सुटे भाग जोडले आणि ते प्रकरण कोठीत डब्यांच्या मागे ठेवलं. दार उघडून उजेड आत शिरला की ते शिट्टी मारायचं. मुलगी किंचाळत बाहेर आली आणि तीन वर्षं कोठीत एकटी गेली नाही. काळा रंग कशाला देतात, असं बाईंनी त्याला तेव्हा विचारलं होतं. "डोळे झाकायला," लुबोर म्हणाला होता. "ट्रान्झिस्टरला उजेड दिसतो. दिसला की त्याच्यात आपोआप थोडा प्रवाह चालू होतो. काम करायचं असेल तर त्याला आंधळाच ठेवावा लागतो."

थोडा प्रवाह. जुन्या मुलांच्या चिपमध्ये तो समुद्रात थेंब होता. हेदविकाच्या चिपमध्ये थेंबच समुद्र होता. ती चिमटीने मीठ टाकत होती, आणि वरून ऊन मूठभर मीठ ओतत होतं.

बाई काही न बोलता आपल्या खोलीत गेल्या, खण उघडला आणि मुरंब्याची बरणी घेऊन परत आल्या. बरणीत झाकणं खुळखुळत होती. त्यांनी चिमट्याने एक उचललं आणि चिपवर ठेवलं.

रेघ उताराला लागली, ती शेवटपर्यंत हलली नाही. हेदविकाने आकडा वाचला. एक पूर्णांक एकोणचाळीस शतांश. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तोवर बोरिवोय आणि ओताकर दोघंही दारात येऊन उभे राहिले होते.

"झाकणं मी लावली नव्हती," बाईंनी सांगितलं. "दर वेळी लावते, या वेळी नाही. परीक्षकांना माझी सपात दिसावी म्हणून. म्हातारपणी हौस. पोरीचे तीन आठवडे माझ्या हौसेत गेले."

ढगाळ दिवशी चिप शहाण्यासारखी का वागायची, पेटीत का वागायची, हे सगळं एकेक करून खोलीत उलगडत होतं. बोरिवोयने कान खाजवला.

"म्हणजे तारा चांगल्या आहेत," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ती माफीच होती.

"ते अजून ठरायचंय," बाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत त्यांनी पाचही चिपवर झाकणं ठेवून मोजायला लावलं. पहिली बरोबर. दुसरी, तिसरी बरोबर. चौथीला थोडा वेळ लागला, पण बरोबर. पाचवी झाकण ठेवूनही भरकटलेलीच राहिली; बोटाने जरा दाबली, की आकडा उडी मारायचा. हेदविका म्हणाली की चार पुरेत, परीक्षेला चार भरपूर झाल्या, चिपच मुळात खराब आली असेल. बाईंनी ऐकलं नाही. पाचवी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि तारा मोजत निघाल्या. एकोणिसाव्या तारेची टाच ठिपक्यावरून उचललेली होती. किंचित. चिप नव्हे, तार. कोरडं टिक्. ते त्या दिवशी ऐकू आलं होतं का? आलं असेल. त्या दिवशी त्या सपातेच्या नादात होत्या.

त्यांनी ओताकरला बोलावलं, खुर्ची सोडली आणि त्याला बघायला लावलं.

"ही माझी," त्या म्हणाल्या. "एकशेचाळिसात एक."

"बाई, एकशेचाळिसात एक तर यंत्रालाही..."

"यंत्राचं यंत्राने बघावं. तीस वर्षांपूर्वी माझी एकही सुटत नव्हती, तुला माहीत आहे." त्यांनी गळ्यातली किल्ली काढली. ओताकरचा चेहरा पडला. पण किल्ली त्यांनी त्याच्यापुढे धरली नाही. ती हेदविकाच्या हातात ठेवली, लाल तुकड्यासकट. "उरलेल्या पाच कंपनीकडे नकोत. मंगळवारी तू यंत्रावर बस. मी शेजारी बसते. कान अजून शाबूत आहेत माझे. कोरडं वाजलं की सांगेन."

"मला जमेल?" हेदविकाने विचारलं.

"गोंडा जमला ना?"

जूनमध्ये परीक्षा झाली. चारही चिप झाकण लावून टेबलावर होत्या, आणि त्यांच्या शेजारी हेदविकाने स्वतः जोडलेल्या दोन. आकडे सगळ्यांचे जुळत होते. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, ठेवणीतलं निळं जाकीट घालून. प्रश्नोत्तरं झाली, परीक्षक बाहेर जाऊन आत आले, हात मिळवले गेले, आणि मग रिवाजाप्रमाणे सगळे शेजारच्या खोलीत खायला गेले. हेदविकाच्या आईने पहाटे उठून दोनशे ख्लेबीचकी केले होते. पावाच्या चकतीवर बटाट्याचं सॅलड, हॅम, अंड्याची फोड, वर आंबवलेल्या काकडीचा पंखा. बोरिवोयच्या बशीत सहा होते आणि तो चार म्हणून सांगत होता.

खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक मांडला होता. त्याखाली पाचवी चिप होती, उघडी. चालत नव्हती, तेव्हा तिला उजेडाची भीती नव्हती. लोक ओळीने येत, वाकत, आणि हसून बाजूला होत. बाहेरगावाहून आलेले परीक्षक, उंच, काटेकोर माणूस, सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी कोपऱ्यातली सपात पाहिली असावी, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. भिंग फिरवत ते कडेकडेने सगळी चिप हिंडले. मग मान वर करून गंभीरपणे म्हणाले की, एकोणिसावी तार उचललेली आहे.

हेदविका काही बोलणार होती. पण व्लास्ताबाई पुढे झाल्या होत्या, हातात ख्लेबीचक्यांची थाळी.

"हो," त्या म्हणाल्या. "ती माझी आहे." आणि त्यांनी थाळी त्यांच्यापुढे धरली.